रुपयाची फट

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला,
दस्तगीर शिकलगारांच्या पत्र्याच्या खोलीत
ते उभं होतं भिंतीकडं तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरागत.
कमरेला एकोणीसच्या पुराची रेघ.
रेघेखाली प्लायवूडचे पापड सुटलेले,
वरची विमानं मात्र अजून लाल.

त्यांची शमीम म्हणाली, भंगारवाला अठराशे देतोय,
तुम्ही खेळलाय यावर, तुम्ही दोन हजार द्या.
मी घासाघीस केली नाही.
त्यावरूनच तिनं काय ते ओळखलं असणार.

महिना झाला. गाडी रस्त्यावर, हे गॅरेजात.

भाचा पुष्कर म्हणतो, मामा, लई सोपं आहे.
हे डबडं काढू, सपाट स्क्रीन लावू,
आत तळहाताएवढा एक बोर्ड,
दहा हजार गेम.
नाणं नको, काही नको, बटण दाबलं की सुरू.
दहा हजार.
आम्हाला एकच होता
आणि तोही कुणाचा पुरा झाला नाही.

माणगावे रेडिओवाले चष्मा कपाळावर ढकलून
पिक्चर ट्यूबच्या मानेवर बोट फिरवतात,
डॉक्टर गळ्याची गाठ बघतात तसं, हलकं.
"ट्यूब जित्ती हाय. बोर्ड गेलाय.
मिळंल की. कवा, ते इचारू नका.
आन् मिळाला, तर खेळणार कोण?"
एवढं विचारून त्यांनी चहा मागवला.

बंद काचेत तिरकं बघितलं
तर अजून दिसतो गेममधला तळाचा डोंगर,
वर्षानुवर्षं एकाच जागी उजळून
आतून जळलेला.
वीज नाही, बोर्ड नाही, डोंगर आहे.
सपाट स्क्रीन लावल्यावर हा ठेवायचा कुठं?
पुष्कर म्हणतो, फोटो काढून ठेव.

काल रात्री मागचं दार उघडलं,
उंदरांची घाण काढायला.
आत खिळ्याला, तारेत ओवलेले
वायसर.
एकसष्ट.

नववीच्या सुट्टीत मी उद्यमनगरात हाताखाली होतो.
मिस्त्री जेवायला गेले की
वायसर लेथवर रुपयाएवढा उतरवायचा,
कानशीनं कड मारायची.
भोक तसंच.
फट कड बघते, भोक बघत नाही,
हा शोध आमच्या गँगचा.
यातले निम्मे तरी माझे आहेत:
डावखुऱ्याच्या कानशीची उलटी तिरपी रेघ,
मी ती अंधारातही ओळखीन.

म्हणजे चाचा रोज रात्री गल्ला उघडायचे
आणि रोज रात्री त्यांना कळायचं.
दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो
की स्टूल पुढं सरकवत म्हणायचे,
"या, कारखानदार!"
आम्हाला वाटायचं, लाडानं.

शमीमला एकसष्ट रुपये द्यायला जावं
तर ती हसेल. किंवा हसणार नाही,
ते जास्त अवघड.

खिशातला रुपया टाकून बघितला.
आताचा रुपया बारका,
खळ्‌कन खाली गेला, कुठंच न लागता.
मग तारेतला एक काढला.
फटीनं तो घेतला, जरा अडवला, तोलला,
आणि आत कुठंतरी
टक्.
पुढं काही झालं नाही. व्हायला बोर्ड कुठाय.

सकाळी पुष्करला सांगितलं, फट राहणार.
बाकीचं?
बाकीचं बघू.
दांड्याचा बुश झिजलाय, तो तर
जुनं ठेवलं तरी लागणार, नवं केलं तरी लागणार,
म्हणून तेवढा घेऊन उद्यमनगरात आलोय.
लेथवरच्या पोरानं माप घेतलं,
माझ्या हाताकडं बघितलं,
म्हणाला, काका, तुम्ही पण लाईनमधलेच काय?
मी म्हणालो, व्हय,
कारखाना होता आमचा.